रूथताईंचा रविवारचा रिपोर्ट

रूथताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी टोरांटोजवळच्या मिल्टनहून कामाला निघाले होते आणि हायवेवर अडकले होते. फोन त्यांच्या नवऱ्याचा, एलीभाऊंचा. "वैशाली, रूथ गेली," एवढंच म्हणाले. पुढची गाडी सरकली, मागच्याने हॉर्न वाजवला, तरी मला फोन ठेववेना. आजारपण लांबलं होतं, डॉक्टरांनी कल्पनाही दिली होती. पण आधी कळलं होतं म्हणून जाणं सोपं होतं, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तशी मी रागीटच. रूथताई सकाळी मला बघून "आज हवामान कसं आहे?" विचारायच्या, ते खिडकीबाहेरच्या बर्फाबद्दल नसायचं.

हे दोघं मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, मुंबईत वाढलेले, मग टोरांटोत स्थिरावलेले. शहरालगतच्या वॉनमध्ये त्यांचं छोटंसं गोदाम आहे. इथल्या भारतीय दुकानांना फ्रोझन थालीपीठ, फराळाचं, उपवासाचे पदार्थ तिथून जातात. ऑर्डरींचं काम मी बघते. रूथताईंनी सगळ्या दुकानांच्या विक्रीचे आकडे क्लाउडवर नेले आणि मला ते शिकवायचंच असा चंग बांधला. मला त्या शब्दाचीच चीड होती. आपले आकडे म्हणे ढगात! त्यांनी मला हाताला धरून गोदामाच्या मधोमध उभं केलं.

"ही जागा आपली आहे का गं?"

"नाही. भाड्याची."

"दिवाळीत माल वाढला की काय करतो आपण?"

"शेजारचं युनिट घेतो. नंतर सोडून देतो."

"मग झालं तर! क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या गोदामातली जागा. डेटा तिथे ठेवायचा. त्यावर हिशोब करायला कॉम्प्युटर लागेल तेवढाच वेळ भाड्याने घ्यायचा, काम झालं की बंद."

मला लगेच पटलं, पण तोंडावर दिसू दिलं नाही. पहिल्यांदा त्यांनी मला आकडे नुसते बघायचा अ‍ॅक्सेस दिला. "बदल करायची किल्ली माणूस पारखून द्यायची असते," म्हणून चिडवायच्या. ती किल्ली त्यांनी दिली हॉस्पिटलमधल्या पलंगावरून, आणि त्या दिवशी अजिबात चिडवलं नाही.

दर रविवारी सकाळी त्यांचा रिपोर्ट यायचा. गेल्या वर्षी याच सुमाराला कुठल्या दुकानात काय खपलं ते बघून यंदा काय मागवावं, हे मशीन सांगायचं. खाली त्यांचं नाव. पण त्यांचा मशीनवर आंधळा विश्वास नव्हता. "त्याला वाटतं, मागचं वर्ष जसंच्या तसं परत येतं. बिचारं!" म्हणून उन्हाळा आला की विचारायच्या, "यंदा तुमचा अधिक महिना आहे का गं?" असला की श्रावण पुढे जाणार, म्हणून उपवासाच्या मालाचे आकडे त्या स्वतःच्या हाताने पुढे सरकवायच्या. ज्यू बाईला अधिक महिन्याची एवढी काळजी, म्हणून मला हसू आलं होतं. "हसतेस काय? आमच्यातही अदार महिना काही वर्षांनी दोनदा येतो. चंद्रावरून महिने मोजणाऱ्यांना कुठेतरी जोड द्यावीच लागते."

त्या गेल्यानंतरच्या रविवारीही रिपोर्ट आला. येणारच, त्यांनीच तसं लावून ठेवलं होतं. घरात शोकाचे सात दिवस चालू होते. मी भेटायला गेले तर एलीभाऊ दारातच म्हणाले, "रूथचा रिपोर्ट आलाय." पुढच्या रविवारीही आला, त्याच्या पुढच्याही. ते चहा घेत एकेक ओळ वाचायचे आणि त्याबरहुकूम माल मागवायचे. मला त्या रविवारांची भीती वाटायला लागली.

मग रिपोर्टात श्रावणाची ऑर्डर आली. यंदा अधिक महिना होता, आणि मशीनला ते सांगणारी बाई नव्हती. उपवासाचा सगळा माल जवळजवळ तीन आठवडे आधी येऊन पडणार होता. फ्रीझरमध्ये जागा नाही, ताज्या चिवड्याची तारीख उलटणार, आणि ऐन श्रावणात दुकानदारांना द्यायला काही नाही. एवढा फटका आमचं गोदाम सोसू शकलं नसतं.

"एलीभाऊ, ही ऑर्डर नका कन्फर्म करू. रिपोर्ट चुकलाय."

"रूथ चुकत नाही."

"त्या नाही हो चुकल्या..."

"मग? सहा दिवस मी कसाबसा काढतो, वैशाली. रविवारी ती काहीतरी सांगते मला. तेही तुला बंद करायचंय?"

मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि लॅपटॉप उघडून सेटिंग्ज बघत बसले. तारखा पुढे सरकवणं अवघड नव्हतं, त्यांनी शिकवलेलंच होतं. पण वेळापत्रकात एक गोष्ट दिसली. रोज संध्याकाळी मशीन विक्रीचे आकडे गोळा करायचं, शुक्रवारी मात्र सूर्यास्ताच्या आतच थांबायचं, आणि शनिवार पूर्ण कोरा. मशीन थकत नाही, त्याला शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, नसतो. पण त्याला कामाला लावणारी बाई त्या दिवशी काम करत नसे, दुसऱ्याकडून करवूनही घेत नसे.

"शनिवार चालू करू का? आकडे एक दिवस आधी मिळतील," मी विचारलं.

एलीभाऊंनी श्रावणाच्या पानावरून हात फिरवला.

"तारखा बदल," मग म्हणाले. "आणि रिपोर्टखालचं रूथचं नाव काढून टाक, तुझं घाल. इथून पुढे चुका आपल्या होणार... त्या तिच्या नावावर नकोत." त्यांनी कॅलेंडर परत भिंतीवर टांगलं. "शनिवारला मात्र हात लावू नकोस."

मी नाव पुसलं. रविवारचा रिपोर्ट आता माझ्या नावाने येतो, आणि एलीभाऊ त्यातल्या चुका काढतात. शनिवारी आमचं मशीन बंद असतं.