उजव्या हाताला नदी

नर्मदेची परिक्रमा करायची राहून गेली, म्हणून आप्पा दिसेल त्या नदीच्या काठाने चालत. नदी कायम उजव्या हाताला ठेवून आणि ती न ओलांडता. जर्मनीत, रेगेन्सबर्गमध्ये आमच्या ऑफिसात ते सगळ्यांत सीनियर इंजिनियर. शनिवारी सकाळी डॅन्यूबच्या काठी टोपी घातलेला एकटा माणूस दिसला, की ते आप्पाच.

मला त्यांचा हेवा वाटे, तो चालण्यापायी नव्हे, माझ्या मुलीपायी. ईरा तेरा वर्षांची, इथेच वाढलेली. मी मराठीत काही विचारलं की उत्तर जर्मनमध्ये. आप्पांशी मात्र अडखळत का होईना, मराठीत. त्यांनी असं काय केलं होतं, ते मला कळत नसे.

निवृत्तीच्या आधी आप्पांनी इंग्लंडला जाऊन टेम्सच्या काठची लांबलचक पायवाट उगमापासून चालायची ठरवली. ईरा म्हणाली, मीपण. मग मीही आठवडाभर रजा टाकली. खरं सांगायचं तर पहारा द्यायलाच गेलो होतो.

उगमाला पाणी नव्हतंच, कुरणात नुसता एक दगड होता. आप्पांनी त्याला नमस्कार केला, पाठोपाठ ईरानेही केला. घरी गणपतीला हात जोड म्हटलं तर ‘वारुम?’, म्हणजे ‘का म्हणून?’, असं विचारणारी पोरगी!

तिसऱ्या दिवशी वाट पुलावरून पलीकडे गेली. आप्पा थांबले.

“अहो आप्पा, ही काही नर्मदा नाही. पाटी बघा ना.”

“नदी ती नदीच, सुहास. तू जा पाटीप्रमाणे. आम्ही येतो इकडून.”

‘आम्ही’ म्हणजे ते आणि ईरा. मी एकटा पूल ओलांडला. त्यांच्या बाजूला वाटच नव्हती. दोघं काटेरी झुडपांतून, आग होणाऱ्या पाल्यातून धडपडत निघाले. पात्र तिथे अरुंद, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. जिवाभावाच्या मैत्रिणीने बोलणं टाकलं, हे ईरा त्यांना सांगत होती. वाक्यावाक्यात चुका, आणि आप्पांचं नुसतं “हं, मग?” चाललेलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. चांगल्या सपाट वाटेने चालताना माझा जळफळाट होत होता. दोघं एका घराच्या कुंपणाशी अडकले, मुकाट्याने मागे फिरले, तेव्हा मला आनंद झाला. लाज वाटण्याइतका झाला.

आप्पा आता पुण्याला परत गेलेत. दर रविवारी ईरा त्यांना फोन करते. गेल्या रविवारी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. फोन स्पीकरवर होता.

“हे सगळं बाबाला सांगतेस का गं?” आप्पांनी विचारलं.

“नाही. बाबा आधी चुका काढतो, मग ऐकतो. कधी कधी ऐकायचं राहतंच.”

“बरं. पण एकदा सांगून बघ त्याला. माणूस चांगला आहे.”

त्यांनी माझी बाजू घेतली, याचाही मला रागच आला. थोड्या वेळाने ईरा आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. शाळेतलं काहीतरी सांगायला लागली, मराठीत. पहिल्याच वाक्यात दोन चुका होत्या. मी ओठ घट्ट मिटून कांदा चिरत राहिलो.