मेट्रोचे लाल ठोकळे

न्यायालयात मी शपथेवर "आठवत नाही" असं सांगितलं. ते खोटं होतं. ती घटना मला तेव्हाही आठवत होती, आजही आठवते, आणि तिच्यातली चूक माझी होती.

रायपूर राजधानी झाल्यावर काही वर्षांनी मेट्रोची चर्चा सुरू झाली. कुठून जाणार, कुणाचं घर पाडणार. गोल बाजारात भांडी घेतानाही लोक तेच बोलत. मी तेव्हा तिथे थाना प्रभारी, म्हणजे ठाण्याचा मुख्य अधिकारी होतो. एक दिवस माझा जुना मुखबिर, म्हणजे खबऱ्या, आला. तो जमिनीची दलालीही करायचा.

"साहब, एक बाई मेट्रो के पत्थर उखाड़ रही है."

मुखबिराला चहा पाजायचा, त्याचं नाव कागदावर आणायचं नाही आणि त्याला उलट प्रश्न विचारायचा नाही, ही ठाण्याची रीत. मी ती पाळली.

बाई चौबे कॉलोनीजवळ राहणारी, रेल्वेतल्या फिटरची विधवा. घर नवऱ्याच्या फंडातून बांधलेलं. ती शिलाई करून पोट भरायची. तिला ठाण्यात बोलावून मी मुखबिराने आणून दिलेला, मेट्रोच्या आखणीचा म्हणून सांगितलेला सिमेंटचा लाल ठोकळा टेबलावर ठेवला.

"ये आपने उखाड़ा?"

माझ्या छातीवरचं आडनाव वाचून तिने मराठीतच उत्तर दिलं, "हव, म्याच उपटला. माझ्या अंगणात कोणी बी खुंटा गाडून जाईन, तं काय हळद-कुंकू वाहू त्याले?"

हवालदार हसला. मी शासकीय कामात अडथळा, कलम, कोठडी, सगळं ऐकवलं. तरी ती म्हणत राहिली, "खुंटे गाडणारे ते पोट्टे सरकारी नव्हते, साहेब. मले पाहून पळाले. तुम्ही त्यायले काहून नाई विचारत?"

तेच विचारायला हवं होतं. मी मात्र आवाज खाली आणला. "मावशी, मेट्रो आली की घर जाणारच. मग मोबदल्यासाठी ऑफिसांच्या चकरा माराल. गिऱ्हाईक मिळत असेल तर विकून मोकळ्या व्हा."

तिने माझ्या छातीवरची पाटी पुन्हा वाचली. मग म्हणाली, "तुम्ही आपल्यातले हाय. खोटं नाई सांगणार."

तिने घर विकलं. घेणारा तोच दलाल, माझा मुखबिर.

पुढे मेट्रोच्या पाहणीचे खरे लोक बंदोबस्त मागायला ठाण्यात आले. मी ठोकळा दाखवला. ते एकमेकांकडे बघू लागले. त्यांचं काम अजून रस्त्यावरची वाहनं मोजण्यापुरतंच होतं. ठोकळे त्यांनी कुठेच गाडले नव्हते, आणि ती गल्ली त्यांच्या नकाशात नव्हतीच.

दलालाला उचलून आणलं. दुपार संपायच्या आत त्याने कबूल केलं.

"पत्थर मैंने गड़वाए. पर मेरे कहने से वो घर बेचती क्या, साहब? वो तो आपने कहा."

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्या थपडेने काही बदललं नाही.

फसवणुकीचा खटला उभा राहिला. बाईने राजीखुशीने घर विकलं, असा बचाव होता. सरकारी वकिलाने मला विचारलं, "घर जाणार, विकून टाका, असं त्यांना ठाण्यात कुणी सांगितलं होतं का?" ठाण्यातला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही; ती फसून विकायला तयार झाली, हे माझ्या उत्तरावरूनच ठरणार होतं. माझी पदोन्नती जवळ आली होती. मी म्हणालो, "आठवत नाही."

दलाल सुटला. घर पाडून तिथे दुकानं झाली. मेट्रो काही आलेली नाही.

चोराला काय हवं असतं, हे आम्ही पोलीस पहिल्याच दिवशी शिकतो. खबर देणाऱ्याला काय हवं आहे, हे मी सगळी नोकरी संपेपर्यंत विचारलं नाही. आणि धाक दाखवून जे झालं नसतं, ते मी दोन आपुलकीच्या वाक्यांनी केलं. हे कळून आता कुणाचं काय भलं होणार, मला माहीत नाही.

निवृत्तीनंतर तिचा पत्ता काढला. समता कॉलोनीत बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत ती राहत होती. दारात मला पाहून तिने मशीन थांबवली.

"या साहेब. आता कोणतं घर खाली करायचं हाय?"

मी उभाच राहिलो. "मावशी, घर विका असं मीच सांगितलं होतं. कोर्टात ते लपवलं. तुमचं घर माझ्यामुळे गेलं. मला माफ करा."