बाटलीच्या तोंडावरचं प्लास्टिक

'१४ जानेवारी, मंगळवार. तामाले. हरमत्तान वाऱ्याची धूळ कालपेक्षा दाट. साडेआठला क्रोमॅटोग्राफ सुरू केला, नऊला दाब पडला. दहाला अयाम्गा ट्रक घेऊन हजर.'

औषध तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या स्कॉलास्टिका देरी यांनी घरच्या वहीत एवढंच लिहिलं. प्रत्यक्षात दहा वाजेपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मलेरियाच्या इंजेक्शनांची खोकी ट्रकमध्ये चढली होती, पण क्रोमॅटोग्राफ या यंत्रावर औषध तपासून कागदावर त्यांची सही झाल्याशिवाय ट्रक हलणार नव्हता. सीमेजवळच्या रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात, आजच्यापुरत्याच कुप्या उरल्या होत्या. चारनंतर निघालं तर वाटेत अंधार होई, आणि अंधारात त्या रस्त्यानं कुणी जात नसे.

त्यांनी पंपातली हवा काढली, गाळणी धुतली, नळ्यांचे सांधे आवळले. द्रावणाची बाटली उघडून पाहिली की यंत्र वीस मिनिटं शहाण्यासारखं चाले, मग दाब पुन्हा घसरे. एक वाजला.

अयाम्गा दाराला टेकून उभा होता. तो फ्राफ्रा जमातीचा, त्या दगाबा. या दोन जमातींनी एकमेकांची, अगदी खाण्यापिण्यावरूनही, थट्टा करायची आणि रागवायचं नाही, अशी रीत.

"काय हो मावशी, दगाब्यांच्या हाताला यंत्रंसुद्धा कंटाळली?"

"फ्राफ्राला कुत्र्याचं मुंडकं कुठं शिजतंय तेवढंच कळतं. गप बस."

"बसतो. पण माझा ट्रक मागं असाच मरायचा. डिझेलच्या टाकीचं झाकण हरवलं, म्हणून धुळीपायी पिशवी करकचून बांधली होती. टाकीला श्वासच घेता येईना. तुमच्या बाटलीला काय बांधलंय?"

स्कॉलास्टिकाबाईंनी बाटलीकडं पाहिलं. धूळ जाऊ नये म्हणून बाटलीचं तोंड काल त्यांनीच प्लास्टिक आणि चिकटपट्टीनं गच्च बांधलं होतं, घरी पाण्याच्या मडक्याला बांधतात तसं. आज प्रत्येक वेळी उघडून पाहिल्यावरही परत तसंच. आत हवा जात नव्हती, मग पंप ओढणार काय?

पट्टी काढून त्यांनी वर नुसतं सैल झाकण ठेवलं. दाब चढला. तरी वीस मिनिटं उलटेपर्यंत त्यांची नजर आकड्यावरून हलेना. मग नमुने पहिल्यापासून लावले. औषध चोख निघालं. चारला पाच मिनिटं कमी असताना सही झाली.

यंत्राच्या नोंदवहीत त्यांनी लिहिलं, 'बाटली हवाबंद झाल्यानं दाब पडला. बांधणारी मी.' सातला रुग्णालयातून फोन येईपर्यंत त्यांनी घास घेतला नाही. खोकी उतरली होती.

मग घरच्या वहीत शेवटची ओळ: 'बाजरीचं पीठ संपत आलंय, उद्या दळून आणायचं.'