बिनवासाचा साबण

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल मावशींकडे होती. मावशी कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांच्याच. अकरा वर्षं त्यांनी केसांना तेल लावलं नाही की अंगाला पावडर फासली नाही. साबणसुद्धा बिनवासाचा. परका वास आला की उंदीर बिथरतात आणि आठवड्याच्या नोंदी वाया जातात. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही त्या तशाच गेल्या आणि बायकांची बोलणी खाऊन आल्या.

आमचे आजारी उंदीर स्वतःला खाजवत राहायचे, पार कातडी सोलवटेपर्यंत. 'आता पुरे' हा निरोप मेंदूतल्या ज्या वाटेने जातो, ती नेमकी कुठे अडते, ते आम्ही शोधत होतो. मावशींना हे समजावावं लागलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ दिवसातून साठ वेळा हात धुतो. बोटांना भेगा पडून रक्त येतं, तरी धुतो. लोक म्हणतात, नाटकं करतो. संध्याकाळी मावशी घरी गेल्या की तो रोज एकच विचारतो, "ताई, सापडलं का?"

"शोधतायत," मावशी सांगतात.

मग अनुदान चालू ठेवायचं की नाही, ते ठरवायला समिती आली. चार जण, आणि चौघांच्या अंगाला अत्तराचा घमघमाट. मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "साहेब, न्हाणीघर तिकडे आहे. अंग धुवून, इथले कपडे घालून या. नाहीतर उद्या या, पण काही न लावता."

अध्यक्षांनी आमच्या सरांकडे पाहिलं. सर म्हणजे मेंदूचं शास्त्र कोळून प्यायलेला माणूस. पण पाहुणे रुसतील म्हणून गळपटले. "जाऊ द्या हो मावशी, पाचच मिनिटं." आणि मी? मला सगळं ठाऊक होतं. मी मूग गिळून गप्प बसले. त्याची लाज अजून जात नाही.

ते आत जायचाच अवकाश, आजाऱ्यांबरोबर तुलनेसाठी ठेवलेले धडधाकट उंदीरही खाजवायला लागले.

"सगळेच खाजवतायत की," अध्यक्ष म्हणाले. "मग फरक काय?"

"तुमच्या वासाचा," मावशी म्हणाल्या. चौघं हसले.

महिन्याने पत्र आलं. निष्कर्ष संदिग्ध, अनुदान बंद, शुक्रवारपर्यंत सगळे उंदीर मारून टाका. अकरा वर्षं जोपासलेली पैदास एका दुपारच्या अत्तरापायी गेली. त्याच पैशातून आता मानसिक आरोग्याचे फलक लागणार होते, 'मोकळेपणाने बोला' असं लिहिलेले. मावशी बोलल्याच होत्या की मोकळेपणाने. ऐकलं कुणी?

शुक्रवारी मी मावशींचं सामान घेऊन त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले. भाऊ नळापाशी होता. वळूनही न बघता त्याने विचारलं, "ताई, सापडलं का?"

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"शोधतायत," त्या म्हणाल्या आणि त्याला कोरडा पंचा दिला. अकरा वर्षांत त्या त्याच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलल्या, आणि ते खोटं त्यांच्या तोंडी मी घातलं होतं.