सव्वा महिन्याची तयारी

सातवा महिना सरला आणि आईने तयारीला हात घातला. तयारी माझी, बाळाची नव्हे. बाळाचं आधी काही करायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. कुंची नाही, टोपडं नाही, पाळण्याचं नावसुद्धा नाही. पण बाळंतिणीला सव्वा महिना लागेल ते सगळं हाताशी पाहिजे, आणि त्यात आईला कुणी शहाणपण शिकवलेलं खपायचं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी गडहिंग्लजजवळच्या सासरहून कोल्हापूरला, पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आले होते. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट, माझं वय एकोणीस. आईने आतली खोली रिकामी केली. तिथे बाज टाकली आणि तिचं सुंभ मुद्दाम सैल विणून घेतलं, म्हणजे खाली शेगडी सरकवली की शेक नीट पाठीला लागतो. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, ओवा, बाळंतशेपा, सगळं निवडून डब्यांत भरलं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी धोतरं फाडून पोट बांधायला लांब पट्टे केले. फाडता फाडता म्हणायची, "हस, आत्ता हस. पोट सुटलं की हिंडशील पुढं टोपली बांधल्यासारखी."

"एवढं कशाला गं आई?"

"कशाला म्हंजे? हाडं उघडत्यात बाईची. सव्वा महिन्यात मिटली तर मिटली, न्हायतर जल्मभर कण्हत बसायचं."

आईचा आवाज मुळातच मोठा. ती कुजबुजली तरी गल्लीत कळायचं.

दवाखान्यात मला मुलगी झाली. झाली म्हणजे काय, ती रडलीच नाही. नाळेचा वेढा बसला होता म्हणाले. कुणाची चूक नव्हती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. शिव्या घालाव्यात तर कुणाला? आबा तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. मला कुणी नीट दाखवलीसुद्धा नाही. तिचं नाक कुणावर गेलं होतं, हे मला आजतागायत माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी घरी आले तर आतली खोली तयार. शेगडी पेटलेली, ओव्याशेपांची धुरी केलेली, न्हाणीत पाणी कढत ठेवलेलं. आईने मला तेल लावून रगडलं, न्हाऊ घातलं, पोटाला पट्टा आवळला, कानावरून फडकं बांधलं आणि बाजेवर निजवून हातात डिंकाचा लाडू दिला. त्याच दिवशी मला दूध उतरलं. चोळी भिजली, लुगडं भिजलं. आईने दुसरा पट्टा घेतला आणि माझी छाती करकचून बांधली. मी ओरडले. ती म्हणाली, "ओरड, पोरी." पण गाठ तिने सैल केली नाही.

नळावर बायका बोलायला लागल्याच. मूल नाही आणि घरात रोज धुरी कसली? आईने ते ऐकलं आणि तशीच ओल्या हातांनी बाहेर गेली. "बाळ गेलं, बाळंतपण न्हाय गेलं! माझी पोरगी बाळंत झालीया की! का तुमच्या पोटात दुखतंय?" मी बाजेवर पडून ऐकत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

अकराव्या दिवशी एसटीने सासूबाई आल्या, सोबत माझा नवरा. तो उंबऱ्याशी खाली मान घालून उभा राहिला. सासूबाई वाईट नव्हत्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरले. मग आईला म्हणाल्या, "झालं ते लई वाईट झालं, विहीणबाई. पर हिला आता हितं ठेवून काय करायचं? लेकरू असतं तर गोष्ट येगळी. भुईमूग काढाय आलाय, घरात माणूस न्हाय."

"सव्वा महिना झाल्याबिगर मी हिला उंबरा वलांडू द्यायची न्हाय."

"आमी काय बाळंत झालो न्हाय व्हय? पाचव्या दिवशी भाकरी थापल्यात आमी."

"म्हणूनच कंबर धरून बसताय न्हवं?"

आवाज चढले. शेवटी आबा वैतागून म्हणाले, "अरे, तिलाच इचारा की!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई तर निर्धास्तच होती, मी काय म्हणणार ते तिला ठाऊकच होतं. मी म्हणाले, "जाते."

आईने माझ्या पोटाचा पट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि माझी पिशवी भरायला लागली.

चार दिवसांनी मी शेतात होते. उकिडवं बसून भुईमूग उपटायचा, पाटी डोक्यावर घेऊन बांधापर्यंत जायचं, घरी येऊन विहिरीचं पाणी भरायचं. दिवाळीच्या आधी एकदा भरली घागर उचलली आणि माझं अंग बाहेर आलं, गर्भाची पिशवीच खाली उतरली. विसाव्या वर्षी! लाजेने कुणाला बोलले नाही. कापडाची घडी बांधायची आणि कामाला लागायचं. पुढे दोन मुलगे झाले, तेही त्याच शरीरातून.

आईला कळलं तेव्हा तिने कपाळ बडवून घेतलं. "सासूच्या भ्यानं जाते म्हणालीस! मी तवाच तुझं त्वांड का दाबलं न्हाय?" मग हे तिचं कायमचंच झालं. सणावाराला, आजारपणात, कारण काही असो, ती सासूबाईंना शिव्या घालायची आणि शेवटी स्वतःला. मी ऐकून घ्यायची.

खरं म्हणजे सासूबाईंना मी कधीच भ्याले नव्हते. त्या खोलीत मला राहवत नव्हतं. खाली शेक, हातात लाडू, अंगावर आईचा हात, आणि कुशीत कुणी नाही. ती जितक्या मायेने करायची, तितकं मला किंचाळावंसं वाटायचं. शेतात निदान मला कुणी बाळंतीण समजत नव्हतं.

आई गेली तेव्हाही सासूबाईंनाच दोष देत गेली. मी तुझ्यापासून पळाले, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.