हॅशमागच्या ओळी

सालेकशाजवळच्या आमच्या गावात मोबाइल टॉवरचं उद्घाटन दोनदा झालं. दोन्ही वेळा हार, नारळ आणि ‘गाव जगाशी जोडलं गेलं’ हे भाषण. जोडलं गेलं ते इतपतच, की व्हिडिओ कॉलवर बायकोचा चेहरा चौकोनी तुकड्यांत यायचा आणि अर्ध्या वाक्यावर थिजायचा. अक्षरं मात्र पोहोचायची.

आम्ही दोघंही पुण्याच्या एकाच कंपनीत, सर्व्हर सांभाळायच्या कामाला. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी सहा महिन्यांसाठी म्हणून गावी आलो. त्याला दोन वर्षं झाली होती. आमचं काम टर्मिनलवरचं. एक काळी खिडकी उघडायची, तिच्यातून कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं, ओळ लिहायची, एंटर दाबायचं. काम जोखमीचं असेल तर दोघांनी एकाच खिडकीत बसायची पद्धत आहे. एकाने लिहायचं, दुसऱ्याने लक्ष ठेवायचं. ती पुण्यात, मी इथे, कर्सर मात्र एकच. तिने लिहिलेलं आणि खोडलेलं प्रत्येक अक्षर मला दिसायचं, माझं तिला.

ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं, की पुढचं सगळं सर्व्हर सोडून देतो. ती जागा माणसांनी माणसांसाठी टिपणं लिहायची. तिथे आमचा संसार चालायचा. ‘जेवलास का?’ ‘आईंचा व्यायाम झाला?’ ‘गॅस संपला, तुला काय त्याचं.’ सगळं रोमन अक्षरांत, कारण मराठी काने-मात्रे त्या खिडकीत विस्कटायचे. फोनवर आम्ही भांडायचो, इथे नाही.

“काऊन रे,” आई खाटेवरून विचारायची, “सारा दिवस त्या काऱ्या पाटीत काय पाहून राहिला?”

“नोकरी आहे आई.”

“नोकरीत कोणी हासते काय असं एकट्यानं?”

‘कधी येतोस?’ हा प्रश्न हॅशमागे दर महिन्याला यायचा. मी लिहायचो, रोवणी होऊ दे. मग, धान कापून होऊ दे. मग, आईला काठीशिवाय अंगणापर्यंत जाऊ दे. प्रत्येक कारण खरं होतं, हेच वाईट. खोट्या कारणाशी माणूस निदान भांडू तरी शकतो.

त्या सकाळी आम्ही एक साधं काम करत होतो. मध्येच आईने पाण्यासाठी हाक मारली म्हणून मी उठलो. परत आलो तर खिडकीत एक ओळ अर्धवट उभी, शेवटी कर्सर लुकलुकतोय, पुढे काही हलत नाही. अडकलेली ओळ आमच्या धंद्यात कोणी वाचत बसत नाही. कंट्रोल आणि सी दाबतो. ओळ रद्द होते, नवी कोरी ओळ येते. माझ्या बोटांनी ते केलं. मग मी वाचलं.

रद्द केलेली ओळ पडद्यावरून पुसली जात नाही. तिच्या शेपटाला फक्त रद्दची खूण लागते. ओळ अशी होती: ‘मी नोकरी सोडून तिकडेच राहायला आले तर चालेल’. पुढे माझी रद्दची खूण. एंटर तिने दाबलं नव्हतं. तेवढंच धैर्य गोळा करत ती थांबली असावी.

खाली नवी ओळ उमटली. ‘कळलं.’ आणि बायको खिडकीतून बाहेर पडली.

‘हात चुकून पडला,’ मी लिहिलं. वाचायला कोणी नव्हतं. मग फोन केला.

“चुकूनच पडला असणार रे,” ती म्हणाली. “माझाही तसाच पडतो.”

“मग झालं तर.”

“खरं सांग. आधी वाचली असतीस, तर काय लिहिलं असतंस?”

एरवी अशा वेळी नेटवर्कला दोष देता येतो. त्या दिवशी तिचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता.

“बघ,” ती म्हणाली.

काही महिन्यांनी तिने बंगळूरची नोकरी घेतली. जाताना जी निरोपाची सभा झाली तिच्यात साहेबांनी ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचं सर्व्हरवरचं खातं काढून टाकण्याची विनंती नियमाप्रमाणे माझ्याकडे पाठवली. मी ते काढलं. खातं काढताना सर्व्हर ‘नक्की का?’ असं विचारत नाही.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. मी सांगितलं, सून आता येणार नाही.

तिने सूप एकदा पाखडलं. मग म्हणाली, “तिनं मले फोन केला होता मागं. म्हणे, आई, मी तिकडंच राहाले येऊ काय. मी म्हटलं, बाई, मले कायले इचारते? त्यालेच इचार.”

मी तिच्या सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

“इचारलं नाही काय तिनं तुले?”

“विचारलं.”

“मंग?”