वैशाखातले डिंकाचे लाडू

आमच्या घरात पाळीचं आता फारसं कोणी काही पाळत नाही. स्वयंपाक होतो, दुकान होतं, अंगणही झाडलं जातं. फक्त दोन गोष्टी उरल्या आहेत. त्या चार दिवसांत देवाजवळचा दिवा लावायचा नाही आणि लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी यावरून मी सासूबाईंशी चांगली भांडले होते. लोणच्याला काय कळतंय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "लोणच्याले नाई समजत. मले समजते." आणि खरंच, घरात कोणाची पाळी कधी आली, कधी चुकली, हे त्यांना दिव्यावरून समजायचं. त्यांना कॅलेंडर लागत नसे.

वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावात आमचं कापडाचं दुकान आहे. माझं माहेर बोरगाव मेघे, वर्ध्याला लागूनच. ब्लाउजपीस आणि अस्तराचं कापड मी बघते, बाकीचं नवरा बघतो. सासूबाई गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि गिऱ्हाइकाशी जगातल्या कोणत्याही विषयावर बोलतात. मी सांगते आहे त्या साली टीव्हीवर गर्भपातावरून रोज संध्याकाळी वादावादी चालायची, म्हणून दुकानातही तोच विषय. अस्तर दोन मीटर घ्यायला आलेली बाई अर्धा तास हक्क आणि पाप ऐकून जायची.

महिला दिनाला गावातल्या सभागृहात बायकांचा कार्यक्रम झाला, तिथेही हाच विषय ठेवला होता. एक तरुण नर्स आधी बोलली. शरीर बाईचं, तर निर्णयही तिचाच, आणि मूल होऊ दे म्हणणाऱ्यांनी पुढे हातही लावावा, नुसती जीभ लावू नये, असं ती म्हणाली. मग सासूबाई उठल्या. माइक कसा धरतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि गरजही नव्हती. "पोटातल्या जिवाले जे बाई नाई म्हणते," त्या म्हणाल्या, "तिले मी माह्या उंबरठ्यावर उभी करणार नाई." सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या. मीही वाजवल्या. घरचं माणूस बोललं की वाजवाव्या लागतात, आणि त्या बोलल्याही झकास होत्या.

त्यानंतर काहीच आठवड्यांनी मला दिवस गेले.

मी चाळिशीला आले होते. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. त्याच्या वेळी माझं बीपी इतकं वाढलं होतं की झटके आले, आणि पुन्हा हे धाडस करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे कारण खरंच होतं. पण तेवढंच कारण होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला नको होतं. पुन्हा दुपटी, पुन्हा जागरण, पुन्हा दुकानातून पळत घरी, हे सगळं नव्याने सुरू करायची माझ्यात इच्छा नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू म्हणशील तसं. ऐकायला फार गोड वाक्य आहे हे. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्या भाजीत मीठ कमी घातलं.

सासूबाईंना मात्र कळू द्यायचं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा मला धड पोळी लाटता येत नव्हती. या बाईने मला ती शिकवली आणि गावात कधी बोलून दाखवलं नाही. तिच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती, खरंच वाटत होती. माहेरी दोन दिवस जाते असं सांगून वर्ध्याच्या दवाखान्यात जायचं, असं मी ठरवलं. राहिला प्रश्न दिव्याचा. मग मी पाळी आल्याचं नाटक केलं. तारीख उलटून आठवडा झाला होता, म्हणून उशिरा आली असं दाखवून दिव्यापासून बाजूला झाले, कंबर धरून चालले, मुलीकडून गरम पाण्याची पिशवी मागून घेतली. सगळं अगदी बरोबर वठवलं.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, तोंडाला अशी काही ओढ लागली, की मी बरणी उघडून लोणच्याची फोड काढली आणि तिथेच उभ्या उभ्या चोखत राहिले. मागे वळले तर दारात सासूबाई.

त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोटांवरून तेल मनगटापर्यंत आलं होतं.

"कितवा महिना?"

"दुसरा," मी म्हणाले.

"मंग हे नाटक काऊन?"

मला रडू यायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही, मला रागच आला. "सभागृहात काय बोलल्या ते आठवते न तुम्हाला? उंबरठ्यावर उभी करणार नाई म्हणे. मला नाही ठेवायचं हे. येत्या शनिवारी वर्ध्याच्या दवाखान्यात जाऊन राह्यले मी."

त्या पाटावर बसल्या.

"मले नाई पटत," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"कधीच पटणार नाई." मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "अन् ते फोड पुरी खाऊन टाक. हात तर घातलाच हाये."

त्यानंतर शनिवारपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दिवसभर ज्यांचं तोंड थांबत नाही त्या गप्प बसल्या की घर खायला उठतं. गिऱ्हाइकंसुद्धा विचारायला लागली, आजींची तब्येत बरी आहे न. मी मनाशी म्हटलं, संपलं, ही बाई आता मला कधी माफ करणार नाही.

शनिवारी सकाळी मी निघाले तर अंगणात त्या तयार. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत सतरंजी आणि पाण्याची बाटली.

"मी येतो," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला पटत नाही न?"

"नाई पटत. म्हून तुले एकटी पाठवू का?"

एसटीत खिडकीची जागा त्यांनी मला दिली. दवाखान्यात आत मात्र आल्या नाहीत, बाहेरच्या बाकावर सतरंजी टाकून बसल्या. दुपारी मी बाहेर आले तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या, डोळे सुजलेले. माझा दंड धरून म्हणाल्या, "चाल. हळू." रस्त्यात एकच बोलल्या. "त्याच्यासाठी मी रोज एक दिवा लावीन. तू मले नाई म्हणू नको." मी नाही म्हणाले नाही. आमच्या दोघींचं त्या बाबतीत आजही जमत नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला खाटेवर घातलं आणि माझं बाळंतपण सुरू केलं. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी तेल, मग गरम पाणी, मग ओव्याचा शेक, आणि पायाला वारा लागू नये म्हणून वैशाखाच्या उन्हाळ्यात मोजे. मी चिडले, शिव्यासुद्धा दिल्या असतील. "पोट रिकामं झालं न," त्या म्हणाल्या, "मंग अंगाले काय समजते, कशानं झालं ते." आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी डिंक तळायला घेतला.

आमच्याकडे हिवाळ्यात डिंकाचे लाडू सगळेच करतात. पण वैशाखात, अंगण पायाला चटके देत असताना डिंक तळल्याचा वास आला की त्याचा एकच अर्थ, घरात बाळंतीण आहे. हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. मी आतून ओरडले, राहू द्या, वास गल्लीभर जाईल. त्यांनी झारा थांबवला नाही.

शेजारच्या काकू आल्याच. सभागृहात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणाऱ्या त्याच. दारातच थांबल्या. खाटेवरून मला त्या दिसत होत्या.

"कोण बाळंत झालं वं?"

"माही सून."

"अन् लेकरू?"

"लेकरू नाई. सून हाये."

काकूंना समजलं असावं, त्यांचा पाय उंबरठ्यावरच राहिला. कढईत डिंक फुलत होता, तेवढाच आवाज.

"उंबरठ्यावर नको उभी राहू," सासूबाई म्हणाल्या. "येत असशील तं आत ये. तेल गरम हाये, तिचे पाय चोळाचे हायेत. एक पाय तू घे."

काकूंनी चपला काढल्या.